सोसायटीची नवीन फायर अलार्म सिस्टीम आणि एएमसी: सिस्टीमला चार स्टार, सर्व्हिसला अडीच

आमची सोसायटी सिंहगड रोडला, वडगाव बुद्रुक साइडला, चार विंग, खाली पार्किंग आणि रस्त्याच्या बाजूला दुकानं. बिल्डरने पझेशनच्या वेळी दिलेली अलार्म सिस्टीम कित्येक वर्षं नुसती भिंतीवर होती, पॅनलवर पिवळा दिवा कायम लागलेला आणि बझरची वायर कोणीतरी काढून ठेवलेली, म्हणजे असून नसल्यासारखी. शेवटी मागच्या एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, हो-ना करत करत ठराव झाला आणि नवीन अ‍ॅड्रेसेबल सिस्टीम बसवली, म्हणजे कुठला डिटेक्टर वाजला ते पॅनलवर थेट दिसतं अशी. व्हेंडरचं नाव लिहीत नाहीये, एएमसी, म्हणजे वर्षाचं देखभालीचं कंत्राट, चालू आहे आणि मला वाद नकोय. पण लिहितोय अशासाठी की सध्या सगळ्या कमिट्यांना अशी कोटेशनं येतायत आणि खरं विचारायला पाहिजे ते कोटेशनमध्ये कुठेच नसतं.

सगळ्यात आधी हे सांगतो कारण आमच्या एजीएममध्ये अर्ध्या लोकांचा हाच गैरसमज होता. अलार्म वाजला म्हणजे फायर ब्रिगेडला कळतं, असं नाही. आपल्याकडच्या बहुतेक सोसायट्यांमध्ये हूटर फक्त बिल्डिंगमध्ये वाजतो, पुढे १०१ ला फोन माणसालाच करावा लागतो. आमच्या एका मेंबरांनी तर विचारलं की मग एवढे पैसे कशाला घालायचे, ओरडायला वॉचमन आहे की. त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, फक्त रात्री तीन वाजता डक्टमध्ये धूर भरायला लागला तर वॉचमनला तो गेटवर बसून दिसणार नाही, डिटेक्टरला दिसतो, एवढाच फरक आहे आणि पैसे त्याचेच आहेत.

सेल्सवाल्याचं पेटंट वाक्य होतं की "सर अमेरिकेत अलार्म वाजला की दोन मिनिटांत गाडी दारात." हे ऐकायला भारी वाटतं पण तिथंही सगळ्या अलार्मना एकसारखी गाडी पळत नाही, याबद्दल मी थोडं वाचलं आणि मग आमच्या पॅनलचं सेटिंग करताना त्याचाच उपयोग झाला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तिकडे बिल्डिंगचा पॅनल एका मॉनिटरिंग कंपनीला जोडलेला असतो, कंपनीवाले ब्रिगेडच्या कंट्रोल रूमला कळवतात, आणि कंट्रोल रूम बघते की सिग्नल कसला आहे. नुसता एक स्मोक डिटेक्टर वाजलाय आणि जागेवरून कोणाचाच फोन नाही, तर बऱ्याच शहरांत एखाद-दुसरी गाडी बघायला जाते. तोच स्प्रिंकलरच्या, म्हणजे आगीवर छतातून पाणी फवारतो त्याच्या, पाइपमध्ये पाणी वाहायला लागल्याचा सिग्नल असेल तर जास्त सिरियसली घेतात, कारण स्प्रिंकलरची लाल काचेची नळी साधारण ६८ डिग्रीला फुटते तेव्हाच पाणी सुटतं आणि उदबत्तीच्या धुराने तिला काही फरक पडत नाही. आणि कोणी फोन करून सांगितलं की ज्वाळा दिसतायत, आत माणसं आहेत, की मग बंब, शिडी, अधिकारी सगळा लवाजमा एकदम निघतो. बातम्यांमध्ये टू अलार्म, थ्री अलार्म फायर असं म्हणतात तो आकडा अलार्म किती वेळा वाजला याचा नाही, पहिली कुमक पुरली नाही म्हणून पुढची किती वेळा मागवली त्याचा असतो, आणि एका अलार्मला किती गाड्या हे प्रत्येक शहराचं वेगळं. ही पद्धत जुनी आहे, बॉस्टनमध्ये १८५२ ला रस्त्यावर तारेच्या पेट्या बसवल्या, पेटीतला दांडा फिरवला की तिचा नंबर टेलिग्राफने जायचा. पुढे पुढे तर कुठल्या पेटीला कुठल्या गाड्या निघणार हे आधीच कार्डवर लिहून ठेवायला लागले.

आणि लंडनची गोष्ट तर सेल्सवाल्याला मी मुद्दाम सांगितली. तिथल्या ब्रिगेडने ऑक्टोबर २०२४ पासून नियमच केलाय की सकाळी सात ते रात्री साडेआठ या वेळात बहुतेक कमर्शियल बिल्डिंगमध्ये नुसता ऑटोमॅटिक अलार्म वाजला तर गाडी जाणार नाही, कोणीतरी माणसाने फोन करून आग आहे म्हणून सांगायला पाहिजे. घरं, हॉस्पिटलं, हॉटेलं, म्हणजे जिथे लोक झोपतात त्या जागा यातून वगळल्यात. कारण काय, तर अशा अलार्ममधून खरी आग निघण्याचं प्रमाण त्यांच्याच आकड्यांप्रमाणे एक टक्क्याच्या आत. स्कॉटलंडने हेच त्याच्या आधी जुलै २०२३ ला केलं. ब्रिटनमध्ये खोट्या अलार्मचेही तीन प्रकार करून हिशेब ठेवतात, मशीनमुळे झालेला, चांगल्या हेतूने कळवलेला आणि मुद्दाम केलेला. सेल्सवाला गप्प बसला, मग म्हणाला "सर तुम्ही टेक्निकल आहात." मी बँकेतून रिटायर झालोय.

तर सांगायचा मुद्दा असा की सगळीकडे ब्रिगेडला एकच प्रश्न आहे, कुठल्या अलार्मला किती पळायचं. आणि आपल्याकडे तर पॅनल आणि ब्रिगेड यांच्यामध्ये कंपनी पण नाही, तिथे आमचा गेटवरचा सिक्युरिटीवाला आहे, म्हणजे हे सगळं वर्गीकरण त्याने करायचं, अर्ध्या झोपेत. म्हणून सिस्टीम घेताना डिटेक्टर कुठल्या कंपनीचा यापेक्षा पॅनल बघून त्या माणसाला काय कळणार हे बघा.

आता प्रॉडक्टबद्दल. जुनी सिस्टीम कन्व्हेन्शनल होती, म्हणजे पॅनलवर फक्त झोन दिसायचा, "सी विंग" एवढंच, मग कोण कुठल्या मजल्यावर पळणार. नवीन पॅनलवर कुठला डिटेक्टर ते थेट येतं. निदान यायला पाहिजे. कारण व्हेंडर इन्स्टॉल करून गेला तेव्हा स्क्रीनवर लूप नंबर आणि डिव्हाइस ०३४ असलं काहीतरी यायचं, आता ०३४ म्हणजे सातव्या मजल्याची लॉबी का इलेक्ट्रिकल डक्ट हे त्यांच्या इंजिनिअरच्या लॅपटॉपमध्ये. पैसे अडकवून ठेवले तेव्हा कुठे नीट नावं टाकून दिली. डिस्प्ले इंग्लिशमध्येच आहे, त्याला इलाज नाही, मग आमच्या सेक्रेटरी काकांनी मराठी आणि हिंदीत तक्ता करून लॅमिनेट करून पॅनलशेजारी लावला. त्या तक्त्याला मी पाच स्टार देईन.

पॅनल तीन प्रकारची बोंब मारतो आणि हे तिन्ही वेगळे ओळखता आले पाहिजेत. लाल दिवा म्हणजे फायर, डिटेक्टरने धूर किंवा उष्णता पकडलीय किंवा कोणीतरी काच फोडायचा डबा, एमसीपी म्हणतात तो, दाबलाय. पिवळा म्हणजे फॉल्ट, वायर तुटली, बॅटरी उतरली, डिटेक्टर सुटला, आग नाही पण आग लागली तर कळणार नाही अशी अवस्था. आणि तिसरा प्रकार सुपरव्हायझरी, तो आपल्याकडे फार कोणी सांगत नाही, म्हणजे स्प्रिंकलरचा व्हॉल्व्ह कोणी बंद केला, टाकीतली लेव्हल खाली गेली, असलं. अमेरिकन स्टँडर्डमध्ये याची उतरंड ठरलेली आहे, फायर सगळ्यात वर, मग सुपरव्हायझरी, मग फॉल्ट. आमच्या पहिल्या कोटेशनमध्ये व्हॉल्व्ह आणि टाकीचं काहीच पॅनलला जोडलेलं नव्हतं, मागून घालून घेतलं, थोडे पैसे वाढले पण घालाच, कारण आमच्याकडे प्लंबर गळती काढायला व्हॉल्व्ह बंद करतो आणि चहा प्यायला जातो तो दुसऱ्या दिवशीच उगवतो.

डिटेक्टर निवडताना व्हेंडरने सगळीकडे स्मोकच टाकले होते, क्लब हाऊसच्या किचनमध्येपण. मिरच्यांच्या फोडणीला तो वाजणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. किचन आणि डीजी रूमला, म्हणजे जनरेटरच्या खोलीला, हीट डिटेक्टर घेतले, ते दोन तऱ्हेचे येतात, एक ठरावीक तापमानाला, साधारण ५७-५८ डिग्रीला वाजतो, दुसरा तापमान फार पटकन चढायला लागलं की वाजतो, मिनिटाला आठ डिग्रीच्या आसपास. दोन्ही एकत्र असलेलेही मिळतात, तेच घेतले. हीटवाला उशिरा वाजतो हे खरं, म्हणून लॉबी, डक्ट, मीटर रूम इथे स्मोकच पाहिजे. मीटर रूमच्या आगीत आधी वायरचं प्लास्टिक धुमसतं आणि धूर येतो, ज्वाळा नंतर, आणि असला धुमसता धूर ऑप्टिकल डिटेक्टर, म्हणजे प्रकाशावरून धूर ओळखणारा, चांगला पकडतो.

खोटे अलार्म येतातच, आधीच मनाची तयारी ठेवा. फर्निचरचं काम चालू असलेल्या फ्लॅटबाहेर भिंत ड्रिल केल्याची धूळ, डेंग्यूची फवारणी करायला येतात त्यांचा धूर, गणपतीत क्लब हाऊसला आरती चालू असताना धूप, आणि बी विंगला एका डिटेक्टरमध्ये चक्क पाल. फवारणीच्या दिवशी आता आधी मेसेज टाकतो आणि तेवढे डिटेक्टर पॅनलवरून तात्पुरते डिसेबल करतो, काम झालं की परत चालू केले का हे रजिस्टरमध्ये सही करून. ते रजिस्टर सगळ्यात महत्त्वाचं, नाहीतर डिसेबल केलेला डिटेक्टर तसाच राहतो आणि कोणाला पत्ता नसतो.

सुरुवातीला सिक्युरिटीवाल्यांची सवय अशी होती की वाजला की रिसेट. आवाज बंद, काम संपलं. हे फार वाईट, कारण रिसेट मारलं की डिटेक्टर पुन्हा धूर पकडेपर्यंत सगळं शांत आणि तेवढा वेळ फुकट जातो, शिवाय आवाज बंद झाला की वर जाऊन बघायला कोण जाणार. बरोबर क्रम म्हणजे पॅनलवर नाव वाचा, बझर सायलेन्स करा, एकाने टॉर्च आणि एक्स्टिंग्विशर घेऊन जिन्याने वर जायचं, लिफ्टने नाही, दुसऱ्याने पॅनलपाशी थांबायचं, आणि वर बघून झाल्यावरच रिसेट. रात्री दोन गार्ड पाहिजेत ते याच्यासाठी, एजन्सीवाला एकच देतो बघा.

व्हेंडरने एक काम खरंच चांगलं केलं, मागितल्याबरोबर केलं. लॉबीतला एकच स्मोक डिटेक्टर वाजला तर आधी फक्त केबिनमध्ये बझर वाजतो आणि बघून यायला तीन मिनिटं मिळतात, तेवढ्यात कोणी बझर अ‍ॅकनॉलेजच केला नाही तर लगेच सगळीकडे हूटर. दुसरा डिटेक्टर वाजला, किंवा एमसीपी दाबला, किंवा स्प्रिंकलरचं पाणी वाहिलं तर मात्र एकही सेकंद न थांबता सगळ्या विंगला हूटर. म्हणजे जे लंडनची कंट्रोल रूम करते ते थोडंफार आमच्या पॅनलमध्येच बसवलं. यानंतर रात्री-अपरात्री सगळ्यांना खाली यायला लावणारे अलार्म जवळजवळ बंद झाले. नाहीतर आमच्याकडे असं व्हायला लागलं होतं की हूटर वाजला तरी लोक टीव्हीचा आवाज वाढवायचे. फक्त हे सेटिंग करताना लेखी घ्या आणि ब्रिगेडच्या किंवा लायसन्स असलेल्या माणसाला दाखवून घ्या, स्वतःच्या मनाने दहा मिनिटांचा डिले टाकू नका, असं करणारी कमिटी मी बघितलीय.

आता ट्रेनिंग, पॅकेजमधला सगळ्यात भारी भाग, आणि कोटेशनमध्ये तो शेवटच्या ओळीत होता. ब्रिगेडमधून रिटायर झालेले एक सर आले होते, बारीक बांधा, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी एक्स्टिंग्विशर वगैरे दाखवलंच पण जास्त वेळ त्यांनी वर्दी, म्हणजे ब्रिगेडला फोनवर खबर, कशी द्यायची याच्यावर घालवला. म्हणाले, लोक फोन करून "आग लागलीय लवकर या" एवढं बोलतात आणि ठेवून देतात. कंट्रोल रूमला कुठली गाडी काढायची हे तुमच्या चार वाक्यांवरून ठरतं. पत्ता आणि जवळची खूण, काय जळतंय, कितव्या मजल्यावर, कोणी अडकलंय का, आणि तुमचा नंबर, आणि समोरचा ठेवा म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. अकराव्या मजल्यावर माणसं अडकलीत म्हणाल तर उंच शिडीची गाडी, ब्रॉन्टो म्हणतात ती, पहिल्यापासून डोक्यात येते, आणि नुसतं "सोसायटीत आग" म्हणालात तर कचरापेटी पेटलीय का फ्लॅट हे त्यांना इथे येऊन कळणार. पहिली गाडी पोचली की अधिकारी बघून अजून गाड्या मागवतो, मुंबईत त्यालाच लेव्हल वन, लेव्हल टू असं जाहीर करतात. टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी लाकूड पेटलं की शहरभरातून बंब आणि टँकर का बोलवावे लागतात ते पण त्यांनी समजावलं, पाणी संपतं हो, बंबात असतं तेवढं काही मिनिटांत जातं, मग टँकरची रांग लागते.

आमच्यातल्या एका काकूंनी विचारलं की सर, लिफ्टमध्ये अडकलं तर तुम्हालाच फोन करायचा का. तर हो. लिफ्ट, झाडपडी, दार लॉक होऊन आत राहिलेलं लहान मूल, मांजात अडकलेली घार, सगळं त्यांच्याकडेच येतं, पण ती रेस्क्यूची वर्दी, तिला गाडी वेगळी आणि सामान वेगळं, म्हणून आग नसताना आग म्हणून सांगू नका, लवकर येतील म्हणून काही लोक मुद्दाम सांगतात म्हणे. गॅसचा वास आला तर अजून वेगळं. सिलेंडर असेल तर १९०६ हा गळतीचा नंबर आहे, लाइटचं बटण चालू पण नाही करायचं आणि बंद पण नाही. इथे एक उपयोगाची गोष्ट कळली की सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली साठतो, आणि पाइपचा एमएनजीएलचा हलका, वर जातो, त्यामुळे गॅस डिटेक्टर घेणार असाल तर पहिल्याला जमिनीजवळ आणि दुसऱ्याला छताजवळ लावायचा. आमच्या शेजारच्यांनी पाइप गॅस असून ओट्याखाली लावलाय, त्यांना सांगून झालं, काढतील कधीतरी. आणि ज्यांच्याकडे बाथरूममध्ये गॅस गिझर आहे त्यांनी कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म घ्या, स्मोक डिटेक्टरला तो वायू कळत नाही, माणसालाही कळत नाही, वास नसतो. अमेरिकेत या अलार्मला ब्रिगेडचा पहिला प्रश्नच असतो की कोणाचं डोकं दुखतंय का, मळमळतंय का. हो म्हटलं की अँब्युलन्ससुद्धा निघते, नाही म्हटलं तर एक गाडी मीटर घेऊन मोजायला येते.

बाकी सरांनी गेटवरची कमान बघून मान हलवली आणि पार्किंगमध्ये मोकळ्या जागेत लावलेल्या गाड्या बघून परत हलवली. कमान आम्ही काढलेली नाही अजून, ठराव पेंडिंग आहे, गणपतीची लाइटिंग त्याच्यावर करतात म्हणून विरोध आहे.

हद्दीचं एक सांगतो, वाकड, हिंजवडी, वाघोली साइडच्या लोकांसाठी. पुणे महापालिकेची ब्रिगेड वेगळी, पिंपरी-चिंचवडची वेगळी, पीएमआरडीएची वेगळी, आणि कँटोन्मेंटची अजून वेगळी. १०१ लागतोच, पण तुम्ही हद्दीवर राहत असाल तर जवळच्या केंद्राचा थेट नंबर केबिनमध्ये लिहून ठेवा, आमच्या सरांनी हे ठासून सांगितलं.

आता सर्व्हिस. अडीच स्टार का. पहिले काही महिने राजासारखी सर्व्हिस, पूर्ण पेमेंट गेलं आणि माणूस बदलला. व्हिजिटला यायचा तो मुलगा गोड होता पण डिटेक्टर टेस्ट करायचा स्प्रे त्याच्याकडे नव्हता, उदबत्ती पेटवून काम चालवायचा, आणि प्रत्येक विंगमधले एखाद-दुसरे बघून सगळ्यांसमोर ओके लिहून मोकळा. मी मागे मागे फिरायला लागलो तेव्हा सगळे व्हायला लागले. बॅटऱ्या पॅनलमधल्या बदलायच्या होत्या, "मागवल्यात काका" यात बराच काळ गेला. बी विंगचा तो पालवाला डिटेक्टर पावसाळ्यात ओल धरून सारखा फॉल्ट दाखवतो, त्यांचं म्हणणं साफ केला की चालतो, माझं म्हणणं बदला. फॉल्टचा पिवळा दिवा कायम लागलेला राहिला की गार्डला त्याची सवय होते, आणि मग आमची जुनी सिस्टीम आणि ही यात फरक काय राहिला.

आणि फॉर्म बी. महाराष्ट्रात २००६ चा फायरचा कायदा आहे, त्याप्रमाणे मालकाने किंवा सोसायटीने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, लायसन्स असलेल्या एजन्सीकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं सर्टिफिकेट घेऊन द्यायचं असतं. आमच्या व्हेंडरने जानेवारीत फॉर्म आधी व्हॉट्सअ‍ॅप केला आणि टेस्टिंगला कधी येऊ म्हणून नंतर विचारलं. सेक्रेटरी काकांनी फोनवर झापलं, मी लिहीत नाही काय बोलले ते. नंतर येऊन पंप, हूटर, डिटेक्टर सगळं केलं त्यांनी, पण ही पद्धत आहे यांची, दुसऱ्या सोसायट्यांत विचारलं तर तेच. तुम्ही घेताना एजन्सीचं लायसन्स आणि त्याची मुदत बघा, डिझाइन आयएस २१८९ प्रमाणे, म्हणजे फायर अलार्मच्या भारतीय स्टँडर्डप्रमाणे, आहे असं ऑर्डरमध्ये लिहून घ्या, आणि एएमसीच्या पेमेंटचा शेवटचा हप्ता जुलैच्या टेस्टिंगनंतरच ठेवा.

एकूण, सिस्टीम घ्या, अ‍ॅड्रेसेबलच घ्या, पैसे जास्त जातात पण मजल्याचं नाव समोर येतं याचं मोल आहे. हा व्हेंडर परत घेईन का, तर ट्रेनिंगचे सर त्यांच्याबरोबर असतील तर विचार करेन. बी विंगचा डिटेक्टर जुलैच्या आत बदलून मिळाला तर सर्व्हिसचा अर्धा स्टार वाढवतो, नाही मिळाला तर एक कमी करतो, इथेच खाली अपडेट टाकेन.